विविधता सप्ताहाला मुलंच 'नाही' म्हणाली तर

नवी मुंबईतल्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात कंत्राटी तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

सांस्कृतिक समिती यंदा या सरांकडे आहे. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तपासणीची तयारी चालू असल्याने कॉलेजने 'विविधता सप्ताह' घ्यायचं ठरवलं. सरांनी मन लावून आराखडा केला. एक दिवस धर्मांचा, त्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन आणि शीख अशी चार मुलं व्यासपीठावर बोलणार. एक दिवस ईशान्य भारताचा, तिथल्या तीन मुलींचा नाच. एक दिवस लिंगभावाचा, त्यात टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, असलेला एक ट्रान्स विद्यार्थी आपली गोष्ट सांगणार. एक दिवस जातीचा. शेवटी ट्रॅडिशनल डे आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल. प्राचार्यांनी 'वातावरण बिघडेल' म्हणून जातीचा दिवस काढला आणि स्टॉलवर फक्त शाकाहारी पदार्थ असतील अशी सूचना लावली. एका पालकांनी ग्रुपवर लिहिलं, 'मुलांना शिकायला पाठवलंय, डोक्यात असलं काही भरवायला नाही.' हे सगळं सर सोसत होते. पण मग ट्रान्स विद्यार्थ्याने दिलेला होकार मागे घेतला आणि त्या तीन मुलींनीही 'आम्ही नाचणार नाही' म्हणून सांगितलं. 'ज्यांच्यासाठी मी भांडतोय तीच मुलं मागे फिरली,' असं सर लिहितात. प्राचार्य आता म्हणताहेत की ट्रॅडिशनल डे आणि स्टॉल करा आणि मोकळे व्हा. पूर्ण कार्यक्रमासाठी भांडावं, सोपा कार्यक्रम उरकून गप्प बसावं, की समिती सोडावी, असा सरांचा प्रश्न आहे.

सर,

कंत्राटी नोकरीत असताना प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन 'जातीचा दिवस काढू नका' म्हणायला धमक लागते. ती तुम्ही दाखवलीत. तुमच्यासारखे बरेच जण सध्या अशा सप्ताहांच्या कामाला लागलेले असणार, त्यांनाही उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'ज्यांच्यासाठी भांडतोय तीच मुलं मागे फिरली.' कार्यक्रम त्यांच्यासाठी आहे हे तुम्ही धरून चालला आहात. पण आराखडा तुम्ही केलात, दिवस तुम्ही ठरवलेत आणि मग त्या त्या दिवसाला साजेशी मुलं शोधलीत. मुलांकडे पहिल्यांदा गेलात तेव्हा त्यांनी काय करायचं हे ठरून गेलं होतं. हो म्हणायचं की नाही म्हणायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. त्यात तुमच्याकडे पाठ फिरवण्यासारखं मला काही दिसत नाही. नवीन आराखडा कुठून सुरू करायचा, हे मात्र त्यात दिसतं.

आधी त्या टीवायच्या मुलाबद्दल. तो माइक घेऊन उभा राहिला असता तेव्हा समोर तीन-चारशे मुलं असती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दुपारी तो बोलला असता आणि संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभा असताना त्याच डब्यातलं कुणीतरी त्याचं रील बघत असतं. त्याच्या घरी किती माहीत आहे? शेजारी, मामाकडे, तो ट्यूशन घेतो तिथे? यातलं तुम्हाला ठाऊक असेलच असं नाही, आणि ठाऊक असायला हवं असंही नाही. पण ज्याला व्यासपीठावर बोलवायचं, त्याच्या आयुष्यात तो कार्यक्रम संध्याकाळी पाच वाजता संपत नाही, याचा विचार बोलावणाऱ्याने करायला हवा.

दुसरी गोष्ट थोडी बोचेल. त्याने आधी होकार दिला होता, तो कुणाला? इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्या सरांना. तुम्ही दबाव आणला असं मी अजिबात म्हणत नाही. तुम्ही प्रेमाने विचारलं असणार. तरी विद्यार्थ्याला सरांचं प्रेमाने विचारणंही मोडवत नाही. नंतर धीर गोळा करून तो 'नको' म्हणाला, याचा अर्थ त्याला तुमच्याबद्दल एवढा विश्वास नक्की आहे की नाही म्हटल्यावर सर सूड उगवणार नाहीत. तो विश्वास जपा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपण सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव करायला मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रारींसाठी एक अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे त्या मुलाला माहीत आहे का? तुम्हाला आहे का? या निकालात किंवा कायद्यात त्या व्यक्तीने चारचौघांत आपली कहाणी सांगावी अशी अट मात्र कुठेही नाही.

त्याला एकट्याला भेटा. स्टाफरूममध्ये नको, तिथे कान फार असतात. नकाराचं कारण विचारू नका. कार्यक्रमात तुझं नाव नाही, त्या दिवशी यायची सक्ती नाही, मार्कांशी किंवा पुढे लागणाऱ्या शिफारसपत्राशी याचा काही संबंध नाही, एवढं सांगा. मग विचारा, हजेरी घेताना कुठल्या नावाने हाक मारू? विद्यापीठाच्या कागदांवर नाव बदलायला अर्ज-दाखले लागतात, त्यात महिने जातात. वर्गातली हाक बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. तो कदाचित म्हणेल की आत्ता जुनंच राहू दे, नवं नाव उच्चारलं की वर्गात प्रश्न सुरू होतील. तसं म्हणाला तर तसंच चालू द्या.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. अशी कित्येक मुलं कॉलेजात दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण कुठल्या टॉयलेटमध्ये जायचं हा प्रश्न असतो. मुलांच्यात गेलं तर टिंगल, मुलींच्यात गेलं तर तक्रार. बहुतेक कॉलेजांत कुठल्यातरी मजल्यावर स्टाफसाठी म्हणून कुलूप घातलेलं एक टॉयलेट असतं. त्याचं कुलूप काढून 'सर्वांसाठी' अशी पाटी लावायला किती खर्च येईल? तुमच्या सप्ताहाच्या फ्लेक्सपेक्षा नक्की कमी. एवढं एक काम झालं तर मी तो सप्ताह यशस्वी झाला म्हणेन, व्यासपीठावर कुणी चढलं नाही तरी.

आता त्या तीन मुली. तिघींपैकी दोघी मणिपूरच्या, एक नागालँडची, असं तुम्ही लिहिलंय. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळला, माणसं मारली गेली, हजारो लोक घरं सोडून छावण्यांमध्ये गेले. या दोघींची घरं जागेवर आहेत का, हे त्यांना कुणी विचारलं होतं? दोघी एकाच समाजाच्या आहेत की दोन वेगळ्या? समजा वेगळ्या असतील, तर 'ईशान्येचा नाच' म्हणून दोघींना एका रांगेत उभं करणं किती जड गेलं असतं याची कल्पना करा. ईशान्य भारत म्हणजे आठ राज्यं. त्यांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, आपसांतली भांडणंही वेगळी. वाशीला स्टेशनजवळ केरळ, आसाम अशा राज्यांची भवनं जवळजवळ उभी आहेत म्हणून आपल्याला वाटतं की आपण सगळ्यांना ओळखतो.

त्यांच्याबद्दल बोलायचंच असेल तर नाचाऐवजी टिंगलीबद्दल बोला. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या तरुण विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या टिंगलीने झाली होती. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली आणि ईशान्येकडच्या लोकांना देशातल्या शहरांत काय सोसावं लागतं ते सरकारी कागदावर आलं. तुमच्या कॉलेजच्या गेटपासून स्टेशनपर्यंत या मुलींना काय काय हाका ऐकू येतात, हा त्या दिवसाचा विषय होऊ शकतो. त्यासाठी त्यांना व्यासपीठावर बोलवायची गरज नाही. हाका मारणारी मुलं समोर बसलेली असतात, विषय त्यांचा आहे. आणि तिघींपैकी एक स्टॅटिस्टिक्समध्ये पहिली येते असं तुम्हीच कंसात लिहिलंय. समितीवर मुलांचे प्रतिनिधी असतीलच, तिला त्यात यायला आवडेल का विचारा. बजेट तिच्याकडे द्या. चार महिने हिशेब सांभाळणारी मुलगी म्हणून वर्ग तिला ओळखू लागेल.

तुमची यादी मी पुन्हा वाचली तेव्हा त्यात नसलेली माणसं जास्त जाणवली.

धर्मांच्या दिवशी चार मुलं आहेत, पण बौद्ध नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात राहतात. तुमच्या वर्गात शीख मुलं किती आणि बौद्ध किती, हे मनाशीच मोजून बघा. हे मुद्दाम झालं असं मला वाटत नाही. 'हिंदू, मुस्लिम, शीख, ईसाई' हे शाळेतल्या तक्त्यापासून डोक्यात बसलेलं असतं. पण जातीचा दिवस प्राचार्यांनी काढला आणि बौद्ध तुमच्या यादीत नव्हतेच, हे दोन्ही एकत्र बघितलं की त्या मुलांना काय दिसेल? तसंही एकोणीस वर्षांच्या पोराने आपल्या अख्ख्या धर्माच्या वतीने उत्तरं द्यावीत ही अपेक्षाच मला पटत नाही. मुंब्र्याहून येणाऱ्या एफवायच्या मुलीला जगभरच्या मुसलमानांबद्दल प्रश्न विचारले जाणार आणि बाजूच्या हिंदू मुलाला सण कसे साजरे करतो एवढंच. असा दिवस रद्द झाला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याऐवजी परीक्षांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीपुढे एक साधा कागद ठेवा: रमजान ईद, बकरी ईद, बुद्धपौर्णिमा, पर्युषण, गुड फ्रायडे, नाताळ. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा या तारखांना येऊ नयेत. आणि कॉलेजात पूजा होत असेल तर संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाचा तिसरा भाग सर्वांना माहीत असू द्या. सरकारमान्य संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. पूजा करणाऱ्यांनी करावी, पण न येणाऱ्याची गैरहजेरी कुणी लिहू नये.

यादीत नसलेली दुसरी मुलं म्हणजे तुमच्याच गावची, म्हणजे ज्या गावांवर तुमचं कॉलेज उभं आहे तिथली. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली, तुर्भे ही नावं आज रिक्षास्टँडवर ऐकू येतात, पण वर्गात गावठाणातली मुलं आणि नोडमधली, म्हणजे नव्या वसाहतींमधली, मुलं वेगवेगळ्या बाकांवर बसतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ट्रॅडिशनल डेला आगरी-कोळी वेश सगळ्यांना हवा असतो. लुगडं, डोक्यावर गजरा, हातात टोपली, कोळीगीतावर नाच, सेल्फी. त्या दिवशी नेरूळच्या टॉवरमधली मुलगीही कोळीण होते. दुसऱ्या दिवशी दिवाळ्याच्या मुलाने वर्गात आपल्या बोलीत उत्तर दिलं की मागून हशा येतो, आणि भांडण झालं की 'हे गाववाले' म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जातं. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तुमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांनी ते दिवस पाहिले असतील. नोडमधल्या मुलांना यातलं काही माहीत नसतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. विविधता शोधायला आपण इंफाळपर्यंत जातो आणि सेक्टरच्या पलीकडचं गावठाण राहून जातं.

इथे एक दिवस द्या. नाच नको. वर्गातल्या ज्या मुलांना वाटेल त्यांनी आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला जमीन, शहर, घर याबद्दल तीन प्रश्न विचारून यायचं. गावठाणातल्यांनी आजोबांना विचारायचं, साताऱ्या-सांगलीहून आलेल्यांनी माथाडी म्हणून एपीएमसी बाजारात उतरलेल्या काकांना, केरळच्या मुलाने आईला. सगळ्यांनी त्याच तीन प्रश्नांची उत्तरं आणायची, मराठा मुलाने आणि ब्राह्मण मुलीनेही. तुमच्या आराखड्यात ही मुलं फक्त प्रेक्षक होती, त्यांना काही सांगायचंच नव्हतं. ती कुठून आली, त्यांना भाड्याने घर घेताना आडनाव विचारलं गेलं का आणि विचारल्यावर काय झालं, हे त्यांनीही एकदा मोठ्याने सांगावं.

जातीच्या दिवसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो काढणं ही प्राचार्यांची चूक आहे. त्यांची भीती मला समजते. ट्रस्टींचा फोन येईल, एखाद्या संघटनेची पोरं गेटवर येतील. पण जातीचं वातावरण तुमचा कार्यक्रम आणत नाही, ते रोज वर्गात असतं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे, फॉर्म भरायचे दिवस आठवा. लेक्चर चालू असताना शिपाई कागद घेऊन येतो, मॅडम तो वाचतात, 'स्कॉलरशिप, फ्रीशिपवाल्यांनी ऑफिसात भेटायचं, पुढची नावं उभी राहा.' आठ-दहा मुलं उभी राहतात. बाकीचे मान वळवून बघतात. एखादी मुलगी उभीच राहत नाही आणि शेवटच्या तारखेला धावत ऑफिसात जाते. काउंटरवर साहेब ओरडतात, इतके दिवस झोपली होतीस का? त्या मुलीला विविधता सप्ताहात जातीवर भाषण ऐकवण्यापेक्षा हा कागद वर्गात वाचणं बंद करा. मेसेज त्या त्या मुलाच्या मोबाइलवर पाठवता येतो. हे प्राचार्य एका सहीने करू शकतात आणि त्याला कुणी विरोधही करणार नाही.

दिवस हवाच असेल तर प्राचार्यांपुढे तो तुमची कल्पना म्हणून मांडू नका, नियम म्हणून मांडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती झाली. रंग, वंश, धर्म, जात, लिंगओळख, लैंगिक कल, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती यांपैकी कशावरूनही विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, अगदी वाळीत टाकल्यासारखं वागणंसुद्धा, त्यानंतर रॅगिंग ठरतं. तुमचा अख्खा सप्ताह या एका व्याख्येत बसतो. प्रत्येक विद्यार्थी आणि त्याचे पालक दरवर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून देतात. ते बहुतेक कुणी वाचत नाही. ते वाचून दाखवणं, समजावून सांगणं हा कार्यक्रम आणि त्यात जात आपोआप येते. यूजीसीच्याच २०१२ च्या समता नियमावलीनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. त्या अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि बसायची जागा फलकावर लिहा, शेजारी १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइनही. तारीख म्हणून २६ नोव्हेंबर घ्या. संविधान दिन सगळीकडे साजरा होतो, त्याला नाही म्हणणं कुठल्याच प्राचार्यांना सोपं जात नाही.

स्टॉलबद्दल तुम्ही लिहिलंय की 'उरलंय काय तर खाणं'. खाण्याला कमी लेखू नका. महाराष्ट्रात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र आणायचं सर्वांत धाडसी काम जेवणाच्या पंगतीत झालेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे महार, मराठा, मुसलमान, जैन पोरं एकत्र राहिली, पाणी भरलं, भाकरी थापल्या, एका पंगतीला बसली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगचं छत्रपती शाहूंच्या नावाने नामकरण झालं. वाशीला कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज आहे, तुमच्यापासून फार लांब नाही.

म्हणून मला ती शाकाहाराची सूचना जातीचा दिवस रद्द होण्याइतकीच महत्त्वाची वाटते. ती लावल्यावर कोण काय आणू शकतं बघा. दिवाळ्याच्या मुलीला सुक्या जवळ्याची चटणी आणता येणार नाही. नागालँडच्या मुलीने घरचं जे म्हणून काही आहे त्यातलं जवळपास काहीच नाही. मुंब्र्याच्या मुलाने खिमा पॅटिस नाही, केरळच्या ख्रिश्चन मुलाने मीन करी नाही. मग सगळेच पनीर चिली आणि भेळ विकतील. विविधतेचे फोटो छान येतील आणि स्टॉल मात्र सगळे सारखे. दुसरीकडे, जैन मुलांचं आणि माळकरी घरातल्या मुलांचं म्हणणंही खरं आहे, त्यांना त्याच तेलात तळलेलं चालत नाही. त्यांनाही त्या मैदानावर निर्धास्त खाता आलं पाहिजे. दोन रांगा करा, मध्ये अंतर ठेवा, भांडी-तेल-गॅस वेगळे, प्रत्येक स्टॉलवर काय घातलंय याची यादी. गोमांसाबाबत राज्याचा कायदा आहे, तो पाळायचाच आहे. याउपर प्राचार्य ऐकत नसतील तर निदान सूचनेत 'शुद्ध' हा शब्द नको एवढा आग्रह धरा. शाकाहारी म्हणा. दुसऱ्याच्या डब्याला अशुद्ध ठरवून सप्ताह सुरू करू नका.

त्या पालकांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. ग्रुपवर दोघांनाही माघार घेता येत नाही. फोन करा, भेटायला बोलवा, चहा द्या आणि आधी ऐका. अशा मेसेजमागे खूपदा वेगळीच काळजी असते: फी भरली, नोकरी लागेल का, पोरगं हाताबाहेर जातंय का. त्यांना एक गोष्ट मात्र नीट सांगा, ती मी तुम्हालाही सांगते. कॉलेज कुणाचं मत बदलायला निघालेलं नाही. एखाद्या विद्यार्थ्याचा धर्म त्याला ट्रान्स असणं मान्य नाही असं सांगत असेल, तर तसं मानण्याचा हक्क त्याला आहे. वर्गात सहविद्यार्थ्याची टर उडवायचा, त्याच्या शेजारी बसायला नकार द्यायचा, त्याचे फोटो पसरवायचा हक्क त्याला नाही. मत तुमचं, वागणं कॉलेजच्या नियमांचं. एवढी रेघ स्पष्ट असली की बरेच पालक शांत होतात. तुमच्या वक्त्यांनाही ही रेघ आधी सांगा, कारण समोरच्या मुलांना गुन्हेगार ठरवणाऱ्या भाषणाने आधी काठावर असलेली मुलंही कायमची पलीकडे जातात.

वक्त्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. ट्रान्स समाजातल्या, बोलायची सवय असलेल्या, स्वखुशीने येणाऱ्या व्यक्तीला बाहेरून बोलवा. मानधन द्या. गायकाला पाकीट आणि अशा वक्त्याला शाल-श्रीफळ, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आमंत्रण देणाऱ्यांना आधी मानधन किती ते विचारते. प्रश्न चिठ्ठ्यांवर आधी घ्या, तुम्ही चाळा. शरीराबद्दलचे, ऑपरेशनबद्दलचे प्रश्न बाजूला काढा. मोबाइल बाहेर ठेवायला लावा. आणि हॉलमध्ये आपल्याही वर्गातलं कुणी असेल, हे सूत्रसंचालकाच्या तोंडून चुकूनही येऊ देऊ नका.

आता तुमचे तीन पर्याय. समिती सोडू नका. तुमच्या जागी जो येईल तो फक्त स्टॉल करेल आणि ती मुलं पुन्हा नाचाच्या यादीत जातील. जुन्या आराखड्यासाठी भांडायचीही गरज उरलेली नाही, कारण ज्यांच्या जोरावर तो उभा होता त्या मुलांनाच तो नको आहे. प्राचार्यांना सांगा, तुमचं म्हणणं मान्य, ट्रॅडिशनल डे आणि स्टॉल करतो. त्याच्या बदल्यात चार गोष्टी लेखी मागा: टॉयलेटची पाटी, स्कॉलरशिपच्या सूचना मोबाइलवर, परीक्षेच्या वेळापत्रकात सणांची नोंद, आणि २६ नोव्हेंबरला हमीपत्राचं वाचन. नॅकच्या सातव्या निकषात सर्वसमावेशकतेसाठी संस्थेने काय केलं याची नोंद लागते. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना हे आधी दाखवा. त्यांना फाइलसाठी कागद हवा असतो, तुम्हाला त्यांचा पाठिंबा हवा आहे. कंत्राटी माणसाने एकट्याने पत्र देऊ नये. कायम सेवेतल्या एक-दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्या, महिला विकास कक्षाच्या मॅडम सहसा तयार होतात. तोंडी आश्वासनावर थांबू नका, आवक क्रमांक घ्या.

आणि हे सगळं करायच्या आधी मुलांना विचारा. लायब्ररीबाहेर एक पेटी ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. प्रश्न एकच ठेवा: 'या कॉलेजात कुठली गोष्ट तुम्हाला लपवून करावी लागते?' मला खात्री आहे की त्यात तुम्हाला-मला सुचल्या नाहीत अशा गोष्टी निघतील. कुणी शुक्रवारी नमाजला कुठल्या जिन्याखाली जातं ते, कुणी आडनाव का सांगत नाही ते, कुणी डबा एकट्याने का खातं ते. चिठ्ठ्या तुम्ही आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधींनी मिळून उघडा. नावं ओळखू येतील असं काही असेल ते तिथेच फाडा. उरलेल्यांतून पुढच्या वर्षीचे दिवस ठरवा.

तुमच्या पत्राप्रमाणे सप्ताहाला अजून पाच आठवडे आहेत. पेटी या सोमवारी ठेवता येईल, पालकांना फोन त्याच्याही आधी.